पाक मारवोतोंचे संशयित

आमच्या गल्लीत पाक मारवोतोंनी ज्याच्यावर संशय घेतला नाही असा माणूस शोधावा लागेल. मी त्यांच्या समोरच राहतो, त्यामुळे माझा नंबर लवकर लागून गेला. संशय नेमका कशाचा होता ते मला कळलं नाही, तो मिटला एवढं कळलं, कारण एका सकाळी त्यांनी कुंपणावरून एक पपई माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "तुम्ही नाही, हे नक्की झालं." पपई गोड होती. मी पुढे चौकशी केली नाही.

इथे जावा बेटावर, जोगजा शहराच्या दक्षिणेला एका सरकारी शाळेत त्यांनी उभा जन्म भूगोल शिकवला. पण त्यांची ख्याती भूगोलाची नव्हे, परीक्षेच्या हॉलची. कॉपी पकडण्यात त्यांचा हात धरणारा मास्तर जिल्ह्यात नव्हता. दुसऱ्या शाळा त्यांना मुद्दाम बोलावून न्यायच्या, आणि ते दारात दिसले की मागच्या बाकांवरची मुलं आपणहून खिसे रिकामे करायची, असं सांगतात. सांगणारे तेच आहेत, पण मला खरं वाटतं. निवृत्तीच्या दिवशी शाळेने त्यांना बाटिकचा शर्ट दिला, भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि संशय त्यांच्याकडेच राहू दिला. आता माणूस निवृत्त होतो, संशय होत नाही. त्याला रोज सकाळी कुठेतरी कामावर जावंच लागतं. तो आमच्या गल्लीत येऊ लागला.

घरात ते, त्यांच्या पत्नी बू सितारेस्मी आणि की गुमिलार. की गुमिलार हा पर्कुतुत, म्हणजे होल्याच्याच जातीचा पक्षी. पण इथे पुरुषाला 'पाक' आणि बाईला 'बू' म्हणतात तशी त्याच्या नावामागे 'की' ही आदराची उपाधी लागते आणि आलेला पाहुणा यजमानाच्या रक्तदाबाआधी त्याच्या आवाजाची चौकशी करतो. एकुलता एक मुलगा हेरलाम्बांग जपानात, नागोयाला, मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात. त्याला तिथेच मुलगी झाली, किनांती. आजी-आजोबांनी तिला अजून मांडीवर घेतलेलं नव्हतं. त्यांना ती तळहाताएवढीच माहीत होती, फोनच्या काचेतली, रोज सकाळी हेरलाम्बांग पाळीवर निघायच्या आधी दिसणारी.

आणि नेमकं त्याच वेळी इंटरनेट जाऊ लागलं.

जायचं म्हणजे कसं, किनांती जांभई द्यायला तोंड उघडायची आणि जांभई पुरी व्हायची नाही. तोंड उघडं, डोळे मिटलेले, तशीच थिजून राहायची. कोपऱ्यातल्या राउटरवरचा हिरवा दिवा विझून लाल दिवा लुकलुकू लागायचा. पाक मारवोतो त्या थिजलेल्या चेहऱ्यासमोर बराच वेळ बसून राहत. समोरच्याचं बोलणं अर्धं टाकून उठणं त्यांच्या रीतीत बसत नाही, समोरचा सहा महिन्यांचा असला तरी. दुपारी बारानंतर मात्र हिरवा दिवा परत यायचा, आणि संध्याकाळी तर इंटरनेट असं चालायचं की बू सितारेस्मी पाककृतींचे व्हिडिओ बघून कंटाळायच्या.

आता या घटनेला थोडा पूर्वेतिहास आहे.

होल्यांच्या स्पर्धेत की गुमिलारचा नंबर आला नव्हता. एका पंचाने सांगितलं, याच्या गळ्यात आहे, पण ओसरीत टांगून काही होणार नाही, याला उंची पाहिजे. म्हणून पाक मारवोतोंनी अंगणात लोखंडी नळीचा उंच खांब रोवला, वर कप्पी बसवली. सकाळी पिंजरा दोरीने वर चढवायचा, उन्हाचा चटका लागला की उतरवायचा. इथे ज्याच्या अंगणात होला आहे त्याच्या अंगणात असा खांब असतोच. आमची गल्ली दुरून बंदरातल्या डोलकाठ्यांसारखी दिसते.

त्याच दिवशी त्यांनी दुसरंही एक काम उरकलं. इंटरनेटची वायर मोठ्या रस्त्यावरून बू दार्मींच्या भिंतीला धरून येत असे. बू दार्मी गल्लीच्या तोंडाशी गुडेग विकतात, फणसाची ती गोडसर भाजी, आणि मागच्या घरातल्या खोल्या कॉलेजच्या मुलींना भाड्याने देतात. वायर त्या मुलींच्या खिडकीखालून जायची. "हात बाहेर काढला की आमची वायर," असं पाक मारवोतो मला अनेकदा म्हणाले होते. हात बाहेर काढून, वायर पकडून, पुढे त्या मुली नेमकं काय करणार होत्या हे त्यांनी सांगितलं नाही. संशयाला तपशील लागत नाही. खांब उभा राहिला आणि त्यांना मार्ग दिसला. शिडी लावून त्यांनी वायर भिंतीवरून सोडवली, खांबावर घेतली, कप्पीची दोरी जिथे गुंडाळून ठेवतात त्या आकड्याला दोन वेढे देऊन पक्की केली आणि तिथून घरात आणली.

"आता लावून दाखवा म्हणावं हात," ते म्हणाले.

लगेच इंटरनेट जायला सुरुवात झाली. दुसऱ्या कोणी कदाचित खांबाकडे बघितलं असतं. पाक मारवोतोंनी बू दार्मींच्या खिडकीकडे बघितलं. आपण त्यांच्या हातातलं काढून घेतलं, त्यांनी सूड घेतला. शिवाय सकाळीच का जावं? कारण सकाळी मुली घरी असतात. दुपारी का यावं? कारण दुपारी मुली कॉलेजात असतात. त्यांनी हे मला कुंपणाशी उभं राहून समजावलं, आणि खोटं कशाला सांगू, मलाही पटलं.

तपास सुरू झाला. पहिल्यांदा बू सितारेस्मींनी क्रोशाने विणलेलं राउटरचं झाकण जप्त झालं. मग राउटर फ्रिजवरून काढून कपाटावर गेला, कपाटावरून खिडकीत, खिडकीत तो मुलींना दिसतो म्हणून पुन्हा फ्रिजवर. कंपनीला फोन केला तर पलीकडची बाई म्हणाली, बंद करा, थोडं थांबा, परत चालू करा.

"थांबायचं कशासाठी?" पाक मारवोतोंनी विचारलं.

"यंत्र शांत होण्यासाठी, पाक."

"यंत्र शांतच आहे. तुम्हाला तेवढ्यात काय करायचंय?"

त्यानंतर पासवर्डाचं पर्व आलं. पासवर्ड भूगोलातून निघायचे. आधी सुमात्रातल्या नद्या झाल्या, मग ज्वालामुखी, मग ज्वालामुखी उंचीसह. ते पाठ भिंतीला टेकवून, अंगठा आडवा धरून टाइप करत. बू सितारेस्मींना सुमात्रातल्या नद्या येत नसल्यामुळे त्यांचा फोन दोन दिवस मुका होता. "मला सांगितलात तर काय होईल?" त्यांनी विचारलं. "तू भाजी आणायला जातेस," ते म्हणाले.

एका संध्याकाळी राउटरच्या आत शिरून कोण कोण जोडलेलं आहे ते बघायची युक्ती त्यांना कोणी शिकवली. तिथे एक अनोळखी नाव निघालं, नुसती अक्षरं आणि आकडे. त्यांनी ते तत्काळ बंद करून टाकलं आणि बक्षीस मिळाल्यासारखे झोपले. सकाळी टीव्हीवर काही दिसेना. टीव्हीही त्याच लोकांना सामील असल्याचं त्यांच्या मनात येऊन गेलं असावं. तो अनोळखी इसम म्हणजे त्यांचा स्वतःचा टीव्ही होता, हे बू सितारेस्मींनी मला सांगितलं; नवऱ्याला नाही. नवऱ्याला एवढंच सांगितलं की टीव्हीला माफ करा.

मग कंपनीचा माणूस आला. तेगार नावाचा, हेल्मेट काखेत मारलेला. कंपनीची माणसं आमच्याकडे दुपारीच येतात. दुपारी की गुमिलार ओसरीत डुलक्या घेत होता, आणि राउटरवर हिरवा दिवा शांत तेवत होता.

"काय होतंय, पाक?"

"ते तुम्ही सांगायचं."

तेगारने एक छोटं यंत्र वायरीला लावून बघितलं. "सगळं नीट आहे. वायरीतून उजेड भरपूर येतोय."

"सकाळी येत नाही."

"सकाळी मी नसतो, पाक."

"हेच म्हणतोय मी."

तेगार अंगणात आला आणि वर बघून म्हणाला, "ही वायर पक्ष्याच्या खांबाला कोणी बांधली?"

"का?"

"बरं नाही दिसत. कंपनीलाही चालत नाही. होती तशी त्या भिंतीवरून घेऊन देऊ का?"

पाक मारवोतोंनी त्याला नम्रपणे चहा दिला आणि नम्रपणे घालवलं. तो वळणावर दिसेनासा होताच ते माझ्या कुंपणाशी आले. "ऐकलंत? आल्या आल्या म्हणतो वायर त्यांच्या भिंतीवर न्या. इतक्या भिंती सोडून त्याला तीच दिसली. वय बघा त्याचं आणि वय बघा त्या मुलींचं."

"पण राउटर..."

"राउटर हे निमित्त आहे."

मुलींपैकी एक लिंतांग. मागच्या वर्षीपासून बू दार्मींकडे राहते, सायकलवर जाते, जाता-येता सगळ्यांना मान लववते. पाक मारवोतोंनी तिला फाटकाशी अडवलं.

"तुम्ही काय शिकता?"

"पशुवैद्यकी, पाक."

"कॉम्प्युटर नाही?"

"गाईंना नसतो, पाक."

हे उत्तर त्यांना फार तयार वाटलं. ते तसेच पुढे बू दार्मींच्या टपरीवर गेले, आणि मी भातासाठी तिथेच उभा होतो.

"या, पाक. अंडं घालू का? का अंड्यावरही नजर आहे?"

"तुमच्या मुली सकाळी काय करतात?"

"आंघोळी. टाकी रिकामी होईस्तोवर."

"आणि इंटरनेट कुठून घेतात?"

"त्यांच्या फोनमध्ये त्यांचं असतं म्हणतात. मला काय विचारता? माझ्या फोनमध्ये नुसता फोन आहे."

"मग आम्ही वायर काढली तेव्हा तुम्ही रागावलात कशाला?"

"खिळे उपसलेत आणि भोकं तशीच ठेवलीत. भिंत माझ्या नवऱ्याने बांधलीय, आणि तो ती परत बांधायला यायचा नाही."

परत येताना पाक मारवोतो मला हलक्या आवाजात म्हणाले, "राग कबूल केला."

एरवी हे असंच चालत राहिलं असतं आणि आम्हालाही सवय झाली असती. पण किनांतीचा तेदाक सितेन जवळ आला. मूल पहिल्यांदा जमिनीला पाय लावतं तो विधी. तो जन्माच्या जावानी वारावरच करायचा, आणि हा वार सात दिवसांचा आपला आठवडा आणि पाच दिवसांचा जावानी आठवडा यांच्या जोडीने ठरतो; चुकला की पुढचा तसा दिवस पस्तीस दिवसांनी, आणि तोवर हेरलाम्बांगची पाळी बदललेली असणार. मुलाला सात रंगांच्या चिकट भाताच्या वड्यांवरून चालवतात, उसाच्या शिडीवर चढवतात आणि शेवटी कोंबड्या झाकायच्या डालग्यात बसवतात. डालग्यात वस्तू ठेवलेल्या असतात. मूल जी उचलेल त्यावरून पुढचं आयुष्य. आणि मारवोतोंच्या घराण्यात अशी रीत की मुलाने वस्तू उचलली रे उचलली की घरातल्या वडीलधाऱ्याने तिच्यावरून एक आशीर्वादाचं वाक्य बोलायचं. हेरलाम्बांगसाठी ते पाक मारवोतोंच्या वडिलांनी बोललं होतं. किनांतीसाठी पाक मारवोतो बोलणार होते, पण बोलायचं तर तिने काय उचललं ते आधी दिसलं पाहिजे, आणि विधी होता सकाळी.

बू सितारेस्मींनी गल्लीला जेवायला बोलावलं, हे पाक मारवोतोंना आदल्या दिवशी कळलं.

"संशयितांना घरात घ्यायचं?"

"संशयितांनी काल माझ्याबरोबर बसून फणस चिरला," त्या म्हणाल्या. "तुमची नात जमिनीला पाय लावणार, आणि गल्लीने काय कुंपणाबाहेर उभं राहायचं?"

"त्यांच्यापैकी कोणीतरी..."

"मग बरंच आहे. डोळ्यांसमोर असतील."

हा मुद्दा त्यांना मान्य करावा लागला.

त्या सकाळी ते लवकर उठले, की गुमिलारला आंघोळ घालून खांबावर चढवलं आणि बाटिकचा शर्ट घालून दारात उभे राहिले. येणाऱ्या प्रत्येकाला ते वाकून नमस्कार करत होते आणि त्याच नजरेत त्याचे खिसे बघत होते. चटईवर बू दार्मी, लिंतांग आणि तिच्या मैत्रिणी, गल्लीतली बाकी मंडळी. मी दारालगत बसलो. बू सितारेस्मींचा फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला होता. मध्ये पिवळ्या भाताचा उंच सुळका, त्याच्याभोवती भाज्या. राउटर फ्रिजवर, लाल दिवा लुकलुकत.

"आता कसं?" कोणीतरी विचारलं.

"येईल," बू सितारेस्मी म्हणाल्या.

आणि तो आला. हिरवा झाला, काचेत नागोयाची खोली दिसली, उजेडाची, अरुंद. सुनेने भाताच्या वड्या रंगवल्या होत्या. ऊस मिळाला नसावा. प्लॅस्टिकच्या शिडीला हिरवा कागद गुंडाळला होता. डालगंही नव्हतं, मुलांना खेळायला ठेवतात त्या कुंपणाला बांबूच्या चित्राचा कागद चिकटवला होता. किनांती पिवळ्या वडीवरून लाल वडीवर आली, पायाला चिकटलेला भात बघून थबकली. चटईवरच्या बायका एका सुरात हसल्या. शिडी झाली. हेरलाम्बांगने तिला उचलून कुंपणावर धरलं.

वारा सुटला आणि काच थिजली. किनांती हवेत, एक पाय कुंपणाच्या आत, एक बाहेर. फ्रिजवर लाल दिवा.

पाक मारवोतो उठून उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांना मी असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. परीक्षेच्या हॉलमध्ये ते असेच उभे राहत असणार. केळ्यांची टोपली त्यांनी रिकामी केली आणि पहिल्या रांगेपासून फिरवायला सुरुवात केली.

"फोन. सगळ्यांचे."

"पाक, अहो..." बू सितारेस्मी म्हणाल्या.

"सगळ्यांचे."

आमच्याकडे वडीलधाऱ्याला त्याच्या घरात नाही म्हणत नाहीत. फोन टोपलीत पडू लागले. मीही टाकला; पपई मिळाली होती तरी. बू दार्मी म्हणाल्या, "माझ्यात नुसता फोन आहे हो."

"नुसताच टाका."

टोपली भरली. त्यांनी ती स्वतःच्या पायाशी ठेवली आणि राउटरकडे बघितलं. लाल दिवा लुकलुकतच होता. सगळे संशयित समोर हात जोडून बसलेले, सगळी हत्यारं टोपलीत, आणि चोरी चालूच. पाक मारवोतोंच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला राग म्हणता येणार नाही. सगळ्या वर्गाला एकदम निर्दोष बघण्याची त्यांना सवय नव्हती.

तेवढ्यात बाहेर की गुमिलार गप्प झाला. आम्हाला कोणाला ते कळलं नाही, पण होला पाळणाऱ्याला आवाजापेक्षा गप्प होणं आधी ऐकू येतं. ते ताडकन बाहेर गेले. गल्लीवर घार घिरट्या घालत होती. त्यांनी आकड्यावरची दोरी सोडली आणि पिंजरा झरझर खाली घेतला.

"आली," आतून बायका म्हणाल्या.

दिवा हिरवा झाला होता. किनांती दुसऱ्या पायाने कुंपणात उतरत होती. मी दारातून हाक मारली, "पाक, या, सुरू झालं."

ते आले नाहीत. ते हातातल्या दोरीकडे बघत होते. मग खांबाकडे. मग दोरी जिथे गुंडाळायची त्या आकड्याकडे, जिथे वायरीचे त्यांनीच दिलेले दोन वेढे होते. पिंजरा वर असला की दोरी ताणलेली, आणि ताणलेल्या दोरीखाली वायर आकड्यावर दाबून दुमडलेली. त्या वायरीच्या पोटात केसाएवढी काच असते आणि काचेतून उजेड धावतो. काच दुमडली की उजेड वळणावरच सांडतो. वाऱ्याने खांब हलला की आणखी सांडतो. हे सगळं त्यांना त्या घडीला कळलं असावं. दुसरा कोणी एवढ्यावर आत पळाला असता. पण एकदा आली म्हणजे योगायोगही असू शकतो.

त्यांनी पिंजरा सोडवून ओसरीत सुरक्षित ठेवला. त्या जागी अंगणातली पाण्याची बादली अडकवली आणि वर चढवली.

"गेली," आतून आवाज आला.

बादली खाली.

"आली."

"पाक," मी म्हणालो, "पोरगी वस्तूंपाशी पोचलीय."

"एक मिनिट," ते म्हणाले, आणि बादली परत वर गेली.

मी आत बघितलं. लिंतांग उठली होती. तिने टोपलीतून, न विचारता, आपला फोन काढला आणि बू सितारेस्मींना म्हणाली, "त्यांचं वर-खाली चालू द्या, बू. तुमचा फोन आणा इकडे, माझ्या फोनचं इंटरनेट देते."

"पासवर्ड?" बू सितारेस्मींनी सवयीने विचारलं.

"ठेवलेलाच नाही."

काच जिवंत झाली. सगळी चटई पुढे सरकली, मीही दारातून आत झुकलो. कुंपणात वही, पुस्तक, खेळण्यातली स्टेथोस्कोपची नळी, सोन्याची अंगठी, मूठभर तांदूळ, पिवळा कंगवा. किनांतीने पुस्तकाकडे बघितलं, त्याच्यावर हात टेकला, त्याच्यावरून पलीकडे रांगत गेली आणि कंगवा उचलून तोंडात घातला. बायकांनी समाधानाचा आवाज केला. बाहेर बादली पुन्हा खाली आली.

पाक मारवोतो ओल्या हातांनी आत आले. "सापडलं," ते म्हणाले.

"कोण?" बू दार्मींनी विचारलं.

"दोरी."

"कोणाची?"

त्यांनी ओले हात पुसले. "आमची."

कोणी हसलं नाही. पण बऱ्याच जणांनी एकदम खोकून घेतलं. मग त्यांची नजर काचेकडे गेली. काचेत फक्त हेरलाम्बांग होता. किनांतीला सून मागच्या खोलीत पाजायला घेऊन गेली होती.

"बापाक," हेरलाम्बांग म्हणाला, "तुम्ही दिसला नाहीत मघाशी."

"बाहेर होतो. काय उचललं?"

हेरलाम्बांग क्षणभर घुटमळला. "पुस्तक, बापाक. सरळ जाऊन पुस्तक."

जन्मभर शिकवलेल्या बापाला काय ऐकायला आवडेल ते मुलाला माहीत होतं, आणि बापाने ते बघितलेलं नाही हेही. आणि जावानी घरात दुसऱ्याच्या मुलाला खोटं ठरवायला पाहुणे जात नाहीत. बू दार्मींना एकाएकी भाताच्या सुळक्याचा उतार नीट करावासा वाटला. लिंतांगच्या मैत्रिणी चटईची वीण मोजू लागल्या. पाक मारवोतोंनी सगळ्यांवरून सावकाश नजर फिरवली. अशा खाली घातलेल्या मानांचा त्यांचा अभ्यास दांडगा होता.

"लिंतांग," ते म्हणाले, "तुम्ही काय बघितलंत?"

"मी नेटवर्ककडे बघत होते, पाक."

त्यांनी मान हलवली, बायकोकडे वळले. बू सितारेस्मींनी ओढणीने फोनचा खालचा भाग झाकला, जिथून आवाज जातो तो, आणि पुटपुटल्या, "कंगवा. पिवळा. पुस्तकावर हात ठेवला होता, पण वाटेत आलं म्हणून."

"तू बघितलंस?"

"सगळ्यांनी बघितलं. तुम्ही बादलीत होतात."

ते फोनसमोर बसले. काचेत हेरलाम्बांग वाट बघत होता. डोळे मात्र कॅमेऱ्यात नव्हते, जरा बाजूला, भिंतीवर काहीतरी वाचत असल्यासारखे. या नजरेसाठी पाक मारवोतोंनी किती मुलांचे पेपर काढून घेतले असतील याचा हिशेब जिल्ह्यात कोणाकडे नाही. घसा साफ करून ते म्हणाले,

"किनांती गुंता सोडवणारी होवो. आणि गुंता घरच्याच माणसाने केलेला असला, तर त्याच्यावर फार रागावणारी न होवो."

काचेत हेरलाम्बांग मान खाली घालून बसला. मला वाटलं पुन्हा गेलं की काय, पण लाल दिव्याचा आता काही संबंध नव्हता.

"बापाक," हेरलाम्बांग शेवटी म्हणाला, "हे पुस्तकासाठी चालतं का?"

"चालतं," पाक मारवोतो म्हणाले. "पुस्तकातही असतात गुंते."

हेरलाम्बांगने डोळे कॅमेऱ्यात आणले. "बापाक, खरं म्हणजे..."

"तुझी पाळीची वेळ झाली," ते म्हणाले. "जा. तिला उद्या सकाळी दाखव. उद्या बघतो मी."

फोन बंद झाल्यावर ते उठले, टोपली उचलली आणि चटईवर बसलेल्या एकेकाचा फोन ज्याचा त्याला नेऊन दिला, दोन्ही हातांनी, जशी आमच्याकडे मोठ्या माणसाला वस्तू देतात तशी. पुष्कळांना त्यांनी चुकीचा फोन दिला. ते लोकांनी नंतर आपसांत बदलून घेतले.